महिला मतदार, देशाची सुरक्षा आणि घरची मिळकत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक आली की वाहिन्यांवर दोन वाक्ये ठरलेली असतात: ‘या वेळी देशाच्या सुरक्षेचा मुद्दा चालणार’ आणि ‘या वेळी लाडक्या बहिणी ठरवणार’. जणू सीमेचा विचार करणारा मतदार वेगळा आणि महिन्याचा खर्च भागवणारी वेगळी. ही फाळणी पक्षांच्या सोयीची आहे. प्रत्यक्ष मतदानाचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. या विषयावर नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातली आहेत.

बायका एकगठ्ठा मतदान करतात का?

नाही. जात, धर्म, गाव, घरातली जुनी पक्षनिष्ठा, उमेदवाराशी नातेगोते हे सगळे पुरुषांप्रमाणेच त्यांच्याही मतात येते. ‘महिला व्होट बँक’ हा शब्द सभेत बरा वाटतो, पण त्या बँकेची शाखा कुठे आहे ते अजून कुणाला सापडलेले नाही. एखाद्या निवडणुकीत थोडा कल एका बाजूला झुकतो, एवढेच. अटीतटीच्या मतदारसंघात तेवढे पुरते, म्हणून पक्ष त्याच्यामागे धावतात.

मग आत्ताच पक्षांना बायकांची एवढी आठवण का येते?

कारण त्या रांगेत उभ्या राहू लागल्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली होती आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मानायला नकार दिला. त्या वेळी कठोर वाटलेला हा निर्णय योग्यच होता. १९६२ च्या लोकसभेला पुरुषांचे मतदान ६३ टक्के आणि स्त्रियांचे जेमतेम ४७ टक्के होते. २०१९ ला स्त्रिया पहिल्यांदा पुढे गेल्या: ६७.१८ विरुद्ध ६७.०१. २०२४ लाही त्या किंचित पुढेच राहिल्या.

टक्केवारी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बिहारमध्ये २०२५ च्या विधानसभेला स्त्रियांचे मतदान ७१ टक्क्यांच्या वर आणि पुरुषांचे ६३ च्या आत होते. त्यामागे उत्साह आहेच. पण पुरुष पोटासाठी परराज्यात आहेत आणि नाव मात्र गावच्या यादीत आहे, हेही आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा थोडे कमीच होते. वाढले मात्र झपाट्याने: २०१९ ला सुमारे ५९ टक्के, २०२४ ला ६५ च्या वर.

राष्ट्रीय सुरक्षा पुरुषांना भावते आणि महागाई बायकांना, हे खरे का?

अर्धेच. महागाईचा चटका आधी तिला बसतो, कारण महिन्याचे पैसे पुरवायचे काम तिच्याकडे असते. यावरून तिला सीमेचे काही पडलेले नाही असा अर्थ काढणे चूक. ज्या घरातला मुलगा फौजेत आहे तिथे सीमेवरची बातमी सगळ्यांत आधी आईच ऐकते.

लोकनीती या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या गटाच्या मतदानोत्तर पाहण्यांत एक जुना कल दिसायचा: भाजपला पुरुषांच्या मानाने स्त्रियांची मते कमी पडत. २०१९ ला हा फरक जवळपास मिटला. त्या निवडणुकीआधी पुलवामा आणि बालाकोट घडले होते, आणि उज्ज्वलाचा गॅस, शौचालय, घरकुल या योजनाही घरात पोहोचल्या होत्या. यातल्या कशाने किती मते फिरली हे सुटे करून सांगणारा तज्ज्ञ भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे.

पण युद्ध किंवा हल्ला झाला की मते फिरतात ना?

फिरतात, पण फार दिवस तशी राहत नाहीत. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशचे युद्ध जिंकले आणि मार्च १९७२ ला काँग्रेसने महाराष्ट्र विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा घेतल्या. त्याच वर्षी दुष्काळ पडला, तेल-साखर-रॉकेल मिळेनासे झाले आणि मुंबईच्या रस्त्यांवर बायका लाटणी घेऊन उतरल्या. विजयाचा गुलाल काही महिन्यांतच उतरला होता.

१९९८ चे उदाहरण तर शाळेत शिकवावे असे आहे. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. देशाची मान उंचावली म्हणून पेढे वाटले गेले. नोव्हेंबरमध्ये दिल्ली विधानसभेचे मतदान झाले तेव्हा कांदा किलोला पन्नासच्या घरात होता. भाजपने ऐनवेळी सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री केले होते. म्हणजे अणुबाँब होता आणि महिला मुख्यमंत्रीही होती. तरी ७० पैकी १५ जागा मिळाल्या; काँग्रेसला ५२.

पुढच्याच वर्षी कारगिलनंतर केंद्रात भाजप आघाडी परत आली. त्याच दिवसांत महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या. काँग्रेस फुटल्याचा फायदा मिळून शिवसेना-भाजप युतीच्या खासदारांची संख्या १० वरून २८ वर गेली, पण राज्यातली सत्ता मात्र गेली. त्याच केंद्रात, त्याच दिवशी, दोन मतांना दोन वेगळे हिशेब लावलेले लोक होते. २०१९ लाही असेच काहीसे झाले. लोकसभेला बालाकोटची हवा. पाच महिन्यांनी विधानसभेला सभांमधून कलम ३७० चा गजर आणि मुंबईत पीएमसी बँकेचे ठेवीदार रस्त्यावर. रिझर्व्ह बँकेने आधी फक्त हजार रुपये काढायची मुभा दिली होती. आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या बाईपुढे ३७० चे भाषण कसे चालणार? भाजप १२२ वरून १०५ वर आला.

लाटणे मोर्चा म्हणजे नेमके काय होते?

आजच्या पिढीला हे नाव फक्त ऐकून माहीत असते. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका त्यात होत्या. एरवी एकमेकींविरुद्ध निवडणूक लढवतील अशा. लाटणी हातात, थाळ्यांचा नाद आणि मागण्या अगदी ठोस: रेशनवर अमुक इतके धान्य, तेलाचा साठा बाहेर काढा, रॉकेल मिळालेच पाहिजे. मंत्र्यांना घेराव घालायचा आणि आकड्यांनिशी बोलायचे. ज्या बायका आयुष्यात कधी मोर्चात गेल्या नव्हत्या त्या चाळींमधून खाली उतरल्या.

गोरेगावच्या वस्त्यांना नळ मिळवून देण्यासाठी लढल्यामुळे मृणालताई आधीच ‘पाणीवाली बाई’ झाल्या होत्या. आणीबाणीनंतर १९७७ ला त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. तेव्हाची घोषणा अजून जुन्या लोकांच्या तोंडी आहे: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. आजच्या ‘लाभार्थी’ या शब्दाशी ताडून पाहा. त्या बायका मागत होत्या; आजच्यांना दिले जाते. खात्यात पैसे आजच्या बाईलाच जास्त येतात यात वाद नाही, पण भाव काय असावा यावर मंत्र्याशी हुज्जत घालायची जागा तिच्याकडे उरलेली नाही.

कांदा स्वस्त झाला की सगळ्या बायका खूश, बरोबर?

लासलगावला जाऊन हे म्हणून बघा. शहरातली बाई कांदा घेते, नाशिकची बाई तो पिकवते. लागवड, खुरपणी, काढणी, पात कापणे, कांदाचाळीत भरण्याआधीची निवड यातले बरेचसे काम बायकांच्या हातचे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ग्राहकाला दिलासा म्हणून. ही बंदी मे २०२४ मध्ये, म्हणजे नाशिकचे मतदान तोंडावर आल्यावर उठली. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. उमेदवार महिला आहे म्हणून कांदा उत्पादक बाईने भाव विसरावा, असे झाले नाही.

आणि हा कांदा तिचा म्हणायचा तो तरी कसा? सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन घेतले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’तून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची मोहीम चालवली. आर्थिक सुरक्षा यापेक्षा सोप्या शब्दांत कुणी मांडलेली नाही. तरी आजच्या जाहीरनाम्यांत दरमहा रक्कम सापडते, जमिनीवरचे नाव क्वचितच.

नोटबंदीचा बायकांच्या मतावर काय परिणाम झाला?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री देशाची सुरक्षा आणि घरची पुंजी यांची समोरासमोर गाठ पडली. बनावट नोटा आणि दहशतवादाचा पैसा रोखायचा, असे कारण सांगितले गेले. सापडले काय? तांदळाच्या डब्यातले, साडीच्या घडीतले, देवघरातल्या फोटोमागचे पैसे. नवऱ्याच्या नकळत, दवाखान्याला किंवा मुलीच्या फीला म्हणून साठवलेले. ते बँकेत नेण्यासाठी आधी घरात जाहीर करावे लागले. सरकारने गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही असे सांगितले, पण नवऱ्याच्या चौकशीचे काय?

यावरून बायका चिडून विरोधात गेल्या असतील असा अंदाज होता. तो साफ चुकला. काही महिन्यांनी उत्तर प्रदेशात भाजपने ४०३ पैकी ३१२ जागा जिंकल्या. महाराष्ट्रातल्या महापालिकांतही पक्ष वाढला. ‘श्रीमंतांचेही गेले’ हे समाधान आपल्या तोट्यापेक्षा मोठे ठरले, असा माझा तर्क आहे. नंतर रिझर्व्ह बँकेनेच सांगितले की ९९ टक्क्यांहून अधिक नोटा परत आल्या. तोवर मतदान होऊन गेले होते.

अग्निपथ हा सुरक्षेचा मुद्दा की नोकरीचा?

दोन्ही. म्हणून तर सगळ्याच पक्षांना तो अवघड जातो. जून २०२२ ला आलेल्या या योजनेत सैन्यातली भरती चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी. निवृत्तिवेतन नाही. सरकारचे म्हणणे, सैन्य तरुण राहील आणि पेन्शनवरचा खर्च वाचून शस्त्रांना मिळेल. युक्तिवाद पोकळ नाही.

आता हेच साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून बघा. घरोघर फौजी, पिढ्यान्‌पिढ्या. तिथल्या बाईचे गणित पक्के असे: नवरा वर्षातले दहा महिने लांब, पोरे एकटीने वाढवायची, पण पस्तिशी-चाळिशीत तो पेन्शन घेऊन येणार, मिलिटरी कँटीन आणि दवाखाना मिळणार, वाईट झालेच तर कुटुंब निवृत्तिवेतन आहे. त्या भरवशावर मुलगी दिली जायची. अग्निवीराला मुलगी देताना बाप विचारतो, पाचव्या वर्षी काय? शहीद अग्निवीराच्या घरच्यांना विमा आणि सानुग्रह रक्कम मिळते, नेहमीच्या जवानाच्या पत्नीसारखी दरमहा पेन्शन नाही. काँग्रेसने २०२४ ला योजना रद्द करण्याचे वचन दिले होते आणि निकालानंतर सत्तेतल्या जनता दल युनायटेडनेही फेरविचार मागितला. फौजेवर ज्या घरांचे प्रेम सर्वांत जास्त, त्यांनाच हा प्रश्न सर्वांत जास्त बोचतो. त्या घरातल्या बाईला ‘तू देशाच्या बाजूची की पगाराच्या?’ असे विचारणे निव्वळ बेअदबी आहे.

ऑपरेशन सिंदूर या नावाने काही फरक पडला का?

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जणांना मारले, त्यात महाराष्ट्राचे सहा होते. पुरुषांना वेगळे काढून गोळ्या घातल्या गेल्या, बायका डोळ्यांदेखत विधवा झाल्या. ७ मेच्या कारवाईला ‘सिंदूर’ नाव देण्यामागे तोच संदर्भ. त्या दिवशी माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग समोर आल्या. ते चित्र अनेकींना मनापासून भिडले. मात्र फौजेच्या कामाचा पक्षाच्या प्रचारासाठी वापर सुरू होतो तेव्हा कौतुकाला कडवट चव येते. आणि नावातली विधवा ही फक्त सूड घेण्याचे कारण असते. तिच्या नोकरीचे, घराचे पुढे काय झाले हे सभेत कुणी सांगत नाही.

लाडकी बहीण योजनेमुळेच महायुती जिंकली का?

मोठा वाटा होता. एकमेव कारण नव्हते. जून २०२४ ला लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. महिनाअखेरीस अर्थसंकल्पात दरमहा १५०० रुपयांची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते खात्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये महायुतीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. महाविकास आघाडीने ३००० कबूल केले होते, महायुतीने २१००. लोकांनी मोठ्या आकड्यापेक्षा खात्यात आलेला आकडा मानला.

पण हा मंत्र सगळीकडे चालत नाही. आंध्रात जगनमोहन रेड्डींनी आयांच्या खात्यात वर्षाला हजारो रुपये टाकले आणि २०२४ ला त्यांच्या पक्षाला १७५ पैकी ११ जागा मिळाल्या. राजस्थानात गेहलोतांनी बायकांना स्मार्टफोन दिले, गॅस ५०० रुपयांत दिला, सरकार गेलेच. दिल्लीत बसचा प्रवास मोफत होता, तरी २०२५ ला ‘आप’ हरला.

अर्ज भरताना एवढा त्रास का होतो?

कारण योजना बाईच्या नावाची, कागद मात्र पुरुषाच्या नावाचे. २०२४ ला घाई होती, तेव्हा पिवळे-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागितला नाही. अंगणवाडी सेविकेला अर्जामागे ५० रुपये ठरले आणि तिने स्वतःच्या मोबाइलवर रात्र रात्र अर्ज भरले. निवडणूक संपल्यावर छाननी आली. २१०० चा पत्ता नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तरतूद ३६ हजार कोटींवर आली. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीची झाली, त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला. ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर. तो सुरतला कामाला असेल, किंवा नांदवत नसेल, तर? विधवा, परित्यक्ता बायका सेतू केंद्राच्या दारात मृत्यूचे दाखले आणि कोर्टाचे कागद घेऊन बसल्या. मग सवलती आल्या, मुदत वाढली. ज्या बाईला आधाराची गरज सर्वांत जास्त, तिलाच ‘कुणाची कोण’ हे सिद्ध करायला सर्वांत जास्त धावावे लागले.

ही ‘रेवडी’ आहे, असे म्हणतात. आहे का?

उद्योगांची कर्जे माफ झाली की त्याला धोरण म्हणतात, हे एकदा बोलून घेतले पाहिजे. तरी टीकेत तथ्य आहे. निवडणुकीच्या तोंडावर घाईने आणलेला खर्च रस्ते, शाळा, आरोग्य केंद्रे यांच्या पैशांतून निघतो, आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर नसला तर १५०० रुपये एका खासगी तपासणीत संपतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात जाहीरनाम्यातले आश्वासन ‘भ्रष्ट आचरण’ ठरत नाही असे सांगितले. मात्र निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला लावली.

अमेरिकेतही असे होते का?

होते. तिथे १९८० पासून स्त्रिया आणि पुरुषांच्या मतांत ठळक फरक दिसतो. स्त्रिया डेमोक्रॅटिक पक्षाकडे जास्त झुकतात. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००४ ला, सुरक्षेच्या काळजीने आया बुश यांच्याकडे वळतील अशी खूप चर्चा झाली. त्यांची स्त्रियांमधली मते ४३ वरून ४८ टक्क्यांवर गेली खरी, पण स्त्रियांचे बहुमत डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरींकडेच राहिले.

खर्च बायकांवर होतो, मग तिकिटे का मिळत नाहीत?

२०२४ ला लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, आधीच्या वेळेपेक्षा चार कमी. सप्टेंबर २०२३ ला ३३ टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला जोडली. निर्मला सीतारामन यांनी संरक्षण आणि अर्थ ही दोन्ही खाती सांभाळली, तेव्हा ‘बायकांना जमत नाही’ हे कारण निकालात निघाले आहे. पक्षांना लाभार्थी बाई परवडते. तिकिटाच्या बैठकीत बसणारी परवडत नाही.

योजनेचे पैसे घेतले तर त्याच पक्षाला मत द्यावे लागते का? मशीनमध्ये कळते म्हणतात.

लागत नाही. पैसे सरकारी तिजोरीतले आहेत, कुणा नेत्याच्या खिशातले नाहीत. ‘मत दिले नाही तर नाव कापू’ अशी धमकी हा गुन्हा आहे. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती फक्त तुम्हाला, आणि मग पेटीत पडते. तिच्यावर तुमचे नाव नसते. कळते ते एवढेच की अमुक केंद्रावर कुणाला एकूण किती मते पडली, कारण केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. गावपुढारी ‘आम्हाला सगळे कळते’ म्हणतात ते याच जोरावर. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजण्याचा प्रस्ताव आयोगाने पूर्वी दिला होता, तो मान्य झाला नाही. आचारसंहितेच्या काळात धमकी किंवा पैसेवाटप दिसले तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकता येतो, नाव गुप्त ठेवून. फोन करायचा असेल तर १९५०.